तिकांडं आणि मॅक्सीची तीन बटणं

गोधडीला गाठ चालत नाही. आमच्या कामातली ही पहिली गोष्ट, म्हणून तीच आधी सांगते. दोरा संपत आला की दोन उलटे टाके घ्यायचे आणि उरलेलं शेपूट थरांच्या आत जिरवून टाकायचं. गाठ मारली की ती झोपणाऱ्याच्या पाठीला टोचते. माझी माय म्हणायची, "गाठ मारतो तो शिंपी, जिरवते ती गोधडीवाली."

मी वाशीमकडची. सातवीतून शाळा सुटली. लग्न झालं आणि नवऱ्याला इकडे चिऱ्यांच्या खाणीवर गाडी चालवायचं काम मिळालं, म्हणून मालवणजवळच्या या गावात आले. तो चिरे भरून इन्सुलीच्या नाक्यावरून पलीकडे गोव्यात जायचा आणि मी भाड्याच्या खोलीत समुद्राचा आवाज ऐकत बसायची. पहिले सहा महिने मला तो आवाज म्हणजे कुणीतरी दार वाजवतंय असंच वाटायचं. इथल्या बायका मला 'घाटी' म्हणायच्या. आता 'आमची घाटी' म्हणतात. एवढ्या एका शब्दासाठी मी या गावाची किती ऋणी आहे, ते मला लिहिता येणार नाही. छापणाऱ्यांनी हे लिहायला सांगितलं तेव्हा मी तीनदा नको म्हटलं. ऱ्हस्व-दीर्घाची भीती. चुकलं असेल तर त्यांनी नीट केलं असेल, असं धरून चालते.

कामाचं थोडं सांगते. खाली एक धड लुगडं अंथरायचं, त्यावर जुन्या साड्यांचे थर, वर शोभेचं कापड. चारी बाजूंनी टाचून घ्यायचं. मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्या मारायच्या, आत आत जात मधोमध यायचं. गोधडीवरच बसून गोधडी शिवायची असते. पाय तिच्यावर, गुडघे तिच्यावर, चहाचा कप मात्र लांब. शेवटची कड मिटवण्याआधी आमच्याकडे आत ज्वारीचे चार दाणे टाकतात. त्याला घास म्हणतात. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला झोप लागत नाही. इथे आल्यापासून मी तांदळाचे दाणे घालते. जिथली झोप तिथलं धान्य.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. पर्यटकांसाठी खोल्या बांधलेले एक जण आले आणि म्हणाले, "गोधडी नवी हवी, पण पन्नास वर्षं जुनी दिसली पाहिजे." मी म्हटलं, "मग पन्नास वर्षांनी या." देवगडच्या एका बागवाल्या बाईंनी नवऱ्याचे शर्ट आणले. सगळ्यांवर आंब्याच्या चिकाचे काळे डाग. मी ते डाग आत दडतील असे तुकडे लावायला लागले तर बाई भडकल्या. "डाग वर येवंदे गो! शर्ट काय कोणाचेय असतत. डाग त्यांचे." तेव्हापासून मी आधी विचारते, काय दिसू द्यायचं आणि काय झाकायचं.

या कामात आपण कापड शिवतोय असं वाटतं, पण माणसं येतात ती मेलेल्याचे कपडे घेऊन. बोलायचं ते बोलत नाहीत, मापं सांगतात.

नलूकाकी तशाच आल्या. तीन वर्षं झाली, पौष महिना होता. डोक्यावर गाठोडं, मागे सात वर्षांची नात.

"तूच गो ती घाटावरची गोदडीवाली?"

"हो."

"मगे ह्यां घे. माझ्या सुनेच्यो साड्यो. कोणाक देवक मन जायना, जाळूकय जायना."

सून कार्तिकात गेली होती. आजार मोठा होता, गोव्याच्या हॉस्पिटलात दोन महिने काढले होते. काकी नातीकडे न बघता म्हणाल्या, "चेडू झोपणा नाय गो. रातभर वर बघीत बसता."

नात म्हणजे सायली. तोवर तिनं गाठोडं सोडून एक फुलाफुलांची मॅक्सी बाहेर काढली होती. "ही कापू नको."

"नाही कापत."

मग ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. "मावशे, माझी आई चांदणी झाली. ती खंयची?"

मी काकींकडे बघितलं. काकींनी पदर तोंडाला लावला.

"बाबान एक दाखवल्यान," सायली म्हणाली. "शेजारच्या वैनीन दुसरी. आजी म्हणता शुक्राची. मगे माका आयो कितक्यो?"

मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. खरं म्हणजे तेच म्हणायला हवं होतं. पण शाळा सुटलेल्या माणसाला ते दोन शब्द फार जड जातात. आयुष्यभर लोकांनी तुम्हाला काही विचारलेलं नसतं, कारण हिला काय कळणार हे आधीच ठरलेलं असतं. बँकेत, दवाखान्यात, अर्जावर. आणि हे लेकरू मला शहाणी समजून विचारत होतं. मी म्हटलं, "दाखवते. संध्याकाळी तुझ्या खळ्यात येते."

चांदण्या मला येत होत्या, पण त्या आमच्या. गावाकडे उन्हाळ्यात अंगणात झोपायचो तेव्हा बापानं शिकवलेल्या. सप्तर्षींना आम्ही म्हातारीचं खाटलं म्हणतो. चार चांदण्या म्हणजे खाटल्याचे चार खूर आणि मागच्या तीन म्हणजे ते ओढून नेणारे तीन चोर. मृगातल्या ओळीनं असलेल्या तीन चांदण्या म्हणजे तिकांडं, हरणाला लागलेला बाण. पुस्तकातली नावं मला धड येत नव्हती.

खळं म्हणजे इकडचं अंगण. शेणानं सारवलेलं, संध्याकाळी काळंसर दिसतं. सायलीनं किनाऱ्यावरून पांढरे शिंपले आणले होते. आम्ही वर बघायचं आणि खाली शिंपले मांडायचे. मोठ्या चांदणीला मोठा शिंपला, बारकीला बारका. काकी तुळशीपाशी बसून म्हणायच्या, "रांगोळेचे ठिपके तरी सरळ मांडा."

"देवान सरळ मांडूक नाय, आजी," सायली म्हणाली, "मी काय करू?"

पहिल्याच संध्याकाळी मी तिला तिकांडं दाखवलं. तीन चांदण्या, एका रेषेत, एकसारख्या. ती बराच वेळ बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "स्कूटर!"

"काय?"

"फुडे बाबा. मधी मी. मागे आई. आई मागच्यान माका धरून बसता." तिनं तीन शिंपले मांडले आणि शेवटच्यावर बोट ठेवलं. "ही ना?"

मी म्हटलं, "हीच."

त्या एका शब्दाबद्दल हे सगळं लिहिते आहे.

गोधडी शिवायला मला एरवी तीन आठवडे लागतात. या गोधडीला होळी उजाडली, कारण सायली शाळा सुटली की रोज माझ्याकडे यायची. वरचं कापड तिच्या आईची गडद निळी साडी होती. आदल्या संध्याकाळी खळ्यात जे शिंपले मांडले तेच दुसऱ्या दिवशी खडूनं त्या निळ्यावर टिपायचे आणि पांढऱ्या दोऱ्यानं फुलीचा एकेक टाका घ्यायचा. टिपताना ती एक डोळा मिटून, वीत लावून अंतर मोजायची. चुकलं तर मला उसवायला लावायची.

"ह्यो चोर जवळ इलो. मागे कर त्याका."

खाटल्याची गोष्ट मी सांगितली तेव्हा तिनं विचारलं, "चोरांनी खाट न्हेल्यानी, मगे म्हातारी खंय झोपली?" आमच्या गावात इतक्या पिढ्यांत हे कुणी विचारलं नसेल. मी म्हटलं, "खालीच, जमिनीवर." तर म्हणाली, "तिका एक गोदडी शिवून दी." आणि खरंच चार खुरांच्या मधोमध एक चिंधी मला लावावी लागली.

तिकांड्याला तिला फुली नको होती. तिनं ती मॅक्सी आणली. पुढे तीन पांढरी बटणं होती. "मॅक्सी कापू नको. बटणां काढ." मी ब्लेडनं हळूच काढून दिली. तिनं स्वतः जागा ठरवली आणि मी ती घट्ट बसवली. बाबा, ती, आई. गोधडी मिटवायच्या दिवशी घासाचे चार दाणे तिनंच टाकले. त्या रात्री पोर झोपली. काकी दुसऱ्या दिवशी वाटीभर खटखटे लाडू घेऊन आल्या आणि दारातच रडल्या. मला इतका अभिमान वाटला की त्याची अजून लाज वाटते.

चैत्र सरत आला तसं तिकांडं खाली यायला लागलं. दिवेलागणीला बघावं तर कालच्यापेक्षा खाली. आमच्याकडे सगळीकडे जमीनच, चांदणी शेतामागे गेली तर कुणाला वाईट वाटत नाही. इथे पश्चिमेला समुद्र. वैशाखात एकदा आम्ही खळ्याच्या टोकाला उभ्या होतो. तिन्ही चांदण्या तिरक्या, उतरणीला लागलेल्या. सायली म्हणाली, "मावशे, स्कूटर दर्यात जाता."

आणि गेलीच. आधी बाबा, मग ती, शेवटी आई. शेवटची चांदणी पाण्यावर एकटी राहिली तेवढा वेळ सायली माझं मनगट धरून होती.

"आता?"

मी म्हटलं, "घाबरू नको. मृग लागला की ती बरोबर तुझ्या डोक्यावर येईल."

आमच्याकडे सगळं मृगावर चालतं. मृग लागला, मृगाचा पेरा, मृगाचा किडा. जूनच्या सुरुवातीला मृग लागतो हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत. मग मृग लागला म्हणजे मृगाच्या चांदण्या आल्या, अजून काय? शब्दच तसा आहे. पाहुणे लागले, दिवा लागला, मृग लागला. मी कधी वर बघून खात्री केली नव्हती. त्या दिवसांत आमच्याकडे सगळे खाली, तिफणीकडे बघत असतात.

सायलीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख शोधली. तिथे लिहिलं होतं, मृग नक्षत्र, वाहन गाढव. ती खदखदून हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा, काकी म्हणाल्या.

"गाढव कित्याक? स्कूटर लिवूक होयी!"

तिनं गाढवावर काट मारून पेन्सिलीनं 'स्कुटर' लिहिलं आणि तारखेला लाल गोल केला.

त्या दिवशी ती न्हाऊन, केसांना आईची क्लिप लावून खळ्यात येऊन बसली. आभाळ भरलेलं. मी म्हटलं, ढग आहेत. दुसऱ्या दिवशी म्हटलं, ढग आहेत. पाचव्या की सहाव्या दिवशी पावसानं उसंत दिली आणि सांजेला आभाळ मोकळं झालं, धुतल्यासारखं. खाटलं होतं. चोर होते. ती मान मागे टाकून गोल गोल फिरली. डोक्यावर शोधलं, माडाच्या मागे शोधलं, समुद्राकडे शोधलं. मग थांबली. रडली नाही.

"तुका म्हायतच नाय होता, मावशे," ती म्हणाली.

एवढंच. आत निघून गेली.

त्याच आठवड्यात तिच्या बाबांनी तिला पनवेलला आत्याकडे शाळेत घातलं. ते आधीच ठरलेलं होतं, माझ्यामुळे नव्हे, असं काकी पुन्हा पुन्हा सांगतात. निघताना ती माझ्याकडे आली नाही. गोधडी मात्र नेली.

मी महिनाभर सुई हातात धरली की टाके मोठे पडत. एक गिऱ्हाईक म्हणालंसुद्धा, "कांता, ही गोदडी हा की माशांचा जाळा?" श्रावणात एक निवृत्त गुरुजी आपली जुनी धोतरं घेऊन आले. मी मापं घेतली आणि मग न राहवून त्यांना विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला विचारलं असेन.

गुरुजी खुर्चीत टेकले. "अगो कांता, मृग लागलो म्हणजे काय झाला? सूर्य मृगात गेलो. तू बल्बाच्या तोंडाक सुई धरलंस तर नेढां दिसता काय?"

"नाही."

"मगे? सूर्याच्या मागे तारे दिसतले कसे?"

"म्हणजे त्या दिवसांत ते तिकांडं नसतंच आभाळात?"

"नसता कसा? सूर्याच्या वांगडाच, बरोबरीनच उगवता, वांगडाच मावळता. भर दुपारी बरोबर डोक्यार असता. दिसणा नाय, इतक्याच."

डोक्यावर. मी म्हटलं होतं तसं, बरोबर तिच्या डोक्यावर होती. दुपारी बाराच्या सुमाराला, ढगांच्या आणि उजेडाच्या मागे. तेव्हा सायली आत बसून आजीबरोबर भात जेवत असेल आणि आम्ही सगळे संध्याकाळची वाट बघत होतो. मला एवढं ठाऊक असतं तर मी तिला भर दुपारी खळ्यात नेलं असतं. मान वर करायला लावली नसती, फक्त म्हटलं असतं, आत्ता, इथे.

गुरुजी जाताना म्हणाले, "आता पहाटे पूर्वेक बघ. ढग फाटले तर गावतला." चार दिवसांनी फाटले. तिन्ही चांदण्या जवळजवळ एकावर एक उभ्या होत्या, वर बाबा, खाली आई. स्कूटर घाट चढत होती. मी काकींकडून पनवेलला फोन लावला. आत्यांनी सायलीला हाक मारली, वाट बघितली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नको म्हणते हो. चांदण्यांचं नाव काढू देत नाही."

या वर्षी गणपतीला ती आली. मधली दोन वर्षं बाबाच तिकडे जात. दारात उभी राहिली तेव्हा मी आधी ओळखलं नाही. दहा वर्षांची, उंच, चष्मा, हातात गोधडी.

"काकू, आजीने पाठवलीय. एका बाजूला उसवलीय."

काकू. मी पाट सरकवला. ती बसली नाही. मी गोधडी जमिनीवर पसरली आणि बघत राहिले. निळं आभाळ विटलं होतं, पण खाटलं जागेवर होतं, म्हातारीची चिंधी होती. तिकांडं नव्हतं. जिथे तीन बटणं होती तिथे तीन लहान लहान भोकं.

उसवलेली कड बघायला म्हणून मी गोधडी उलटी केली. तीन बटणं मागच्या बाजूला होती. बरोबर त्याच जागी, पण खालून. काळ्या दोऱ्यानं लावलेली, टाके वेडेवाकडे, प्रत्येक बटणाला ही एवढी गाठ.

"हे कुणी केलं?"

"मीच. तिकडे गेले त्याच वर्षी." ती दाराच्या चौकटीवरचा रंग नखानं काढत होती. "दिसत नव्हती ना. म्हणून मागे लावली."

"परत पुढे नाही आणलीस? दिवाळीत पहाटे..."

"मला माहितीय, काकू. शाळेत शिकवलं. सूर्य मध्ये येतो." मग अगदी मोठ्या माणसासारखं म्हणाली, "आणि आई तिथे नाहीये. ती मॅक्सीची बटणं आहेत."

मी दोन वर्षं तिला सांगायची दुपारची गोष्ट मनात घोळवत होते. ती भर दुपारी डोक्यावर होती, मी खोटं बोलले नव्हते, असं सगळं. तोंडापर्यंत आलं आणि वाटलं, हे मी तिच्यासाठी सांगते आहे की माझ्यासाठी? मी सुई खाली ठेवली.

"मला माहीत नव्हतं, सायली," मी म्हटलं. "तू विचारलंस तेव्हा, कुठली चांदणी, ते मला माहीत नव्हतं. मृगाचंही माहीत नव्हतं. मी उगाच सांगितलं."

बाहेर कुणाच्या तरी घरी आरती चालली होती, झांजा वाजत होत्या.

"म्हायत आसा माका," ती म्हणाली.

माका. मी वर बघितलं तर तिनं तोंड फिरवलं होतं. पायरी उतरताना म्हणाली, "मावशे, बटणां काढू नको हां. फाल्या येवन न्हेतंय."

मी त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. कड उसवून आतले थर सारखे केले. जुने घासाचे दाणे भुगा होऊन गेले होते, नवे चार टाकले. कड मिटवली. जिथे जिथे दोरा संपला तिथे उलटे टाके घेऊन जिरवला. मग बटणांपाशी आले. त्या गाठी मोठ्या आहेत, ज्या अंगाला गोधडी लागते त्याच अंगाला आहेत. टोचणार. रोज रात्री टोचत असतील. दोन मिनिटांचं काम होतं, गाठ कापायची, दोरा आत घ्यायचा. मी कात्री उचलली आणि परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यांची गाडी सकाळचीच होती. काकी आल्या, त्यांनी गोधडी उलगडून बघितली आणि हात फिरवत फिरवत त्या बटणांपाशी थांबल्या.

"ह्यां काय गो कांता? इतक्यो गाठी? हातात सुई घेवन इतकी वर्सां झाली, आणि ह्यो तश्योच ठेवलंस?"

"त्या माझ्या नाहीत, काकी," मी म्हटलं. "राहू द्या."